जुन्या वेगवान मोटारीचे मोल

वऱ्हाडातील रस्त्यांची कीर्ती पूर्वी फारशी चांगली नव्हती. अमरावतीहून अकोल्यास निघालेला प्रवासी मूर्तिजापूर येईपर्यंत आपली हाडे जागच्या जागी आहेत की नाहीत हे चाचपून पाहत असे. परंतु जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड घातला गेला व त्याची नोंद गिनेसच्या जागतिक विक्रमांत झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी तो ७०१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. आमच्या जिल्ह्यातील धामणगाव-चांदूरच्या शिवारातूनच तो जातो. मार्ग चांगला झाला म्हणजे त्यावरून वेगाने जावे अशी इच्छा तरुणांच्या मनात उत्पन्न व्हावी हे स्वाभाविकच आहे. मुंबई-पुण्याकडील धनिकांनी चार-पाच वर्षे वापरून काढून टाकलेल्या, बसक्या बांध्याच्या, दोन दारांच्या मोटारी अलीकडे आमच्याकडील सुस्थित घरांच्या फाटकांतही उभ्या दिसतात, त्याचे एक कारण हे असावे. इंग्रजीत यांना स्पोर्ट्सकार म्हणतात आणि आता तोच शब्द आपल्याकडेही रूढ झाला आहे.

या विषयावर लिहिण्याचे आमच्या मनात मुळीच नव्हते. परंतु अकोल्याच्या एका वृद्ध गृहस्थांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंच्या कुटुंबात सध्या वाटणीचे बोलणे चालू असून, घर, शेत व ठेवी यांच्याबद्दल कोणाचाही वाद नाही; सारे अडले आहे ते एका मोटारीपाशी. दोन पुतणे व एक पुतणी अशी तिघे भागीदार. २०२१ साली, कुटुंब एकत्र असताना, धाकट्याने सर्वांच्या संमतीने समाईक पैशातून जर्मन बनावटीची एक जुनी स्पोर्ट्सकार ३२ लाखांना घेतली. २०१६ साली ती नवी असताना तिची किंमत ७० लाख होती. आता थोरला म्हणतो की ३२ लाख गेले आहेत, तेव्हा ३२ लाख धाकट्याच्या वाट्यात धरावेत. धाकटा म्हणतो की अशी मोटार साऱ्या विदर्भात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असून तिचा भाव वाढणारच, आजच ती ४० लाखांची आहे, म्हणून ती विकू नये आणि कोणाच्या वाट्यातही घालू नये, दहा वर्षे समाईक ठेवावी. विमापत्रावर १८ लाखांचा आकडा आहे. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने १४ लाख देऊ केले आहेत. बहिणीची मुलगी पुण्यास शिकण्यासाठी जावयाची आहे, तिला रोख पैसा हवा आहे. पण बोलले तर भावांना वाईट वाटेल म्हणून ती गप्प आहे. गेल्या दिवाळीस भाऊबीजेला दोघे भाऊ निरनिराळ्या वेळी येऊन गेले, हे वाक्य पत्रात अगदी शेवटी आले आहे. परंतु पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच असावे असे आम्हांस वाटते.

तेव्हा एका वस्तूच्या चार किमती झाल्या: ३२, ४०, १८ आणि १४. यांतील खरी कोणती?

प्रथम घसारा म्हणजे काय ते पाहू. ही कल्पना साहेबांच्या हिशेबनिसांनी आपणांस शिकविली असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, व्यस्त त्रैराशिकाच्या प्रकरणात याचे उदाहरण आले आहे. दोन धुरा वाहिलेल्या बैलास चार निष्क पडतात, तर सहा धुरा वाहिलेल्या बैलास किती पडावेत, असा तो प्रश्न आहे. उत्तर, एक निष्क व एक तृतीयांश. प्राण्यांच्या बाबतीत वय वाढले की मोल त्याच प्रमाणात उतरते, असा नियम आचार्यांनी तेथे धरला आहे. कारण बैल घेणारा मनुष्य त्याच्या गेलेल्या वर्षांचे पैसे देत नाही, त्याच्या अंगात राहिलेल्या कामाचे देतो. बैलबाजारात दात पाहून भाव ठरतो, त्याचे मर्म हेच.

मोटारीसही दात असतात, मात्र ते कागदावर पाहावे लागतात. विमा कंपन्यांच्या जुन्या दरपत्रकात नव्या किमतीतून वजा करावयाचा घसारा असा दिला आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे कोष्टक थांबते, आणि विमा घेणारा व देणारा यांनी संमतीने आकडा ठरवावा असे सांगते. याचा अर्थ, पत्रातील १८ लाख हा बाजारभाव नव्हे. मोटार चोरीस गेली किंवा पार मोडली तर विमा कंपनीकडून काय मिळावे, याविषयी झालेला तो करार आहे. व्यवसायाच्या मोटारीबाबत आयकराच्या हिशेबात दुसरी रीत आहे. दरसाल उरलेल्या किमतीच्या १५ टक्के वजा करीत जावयाचे. ती रीत या मोटारीस लावून पाहिली तर ७० लाखांचे पाच वर्षांत ३१ लाख होतात. धाकट्याने ३२ लाख दिले, म्हणजे तो काही फसला नव्हता. पुढील चार वर्षांत त्याच ३१ लाखांचे १६ लाख २० हजार होतात. विम्याचा आकडा याच्या थोडा वर व व्यापाऱ्याचा थोडा खाली आहे. गणिताने वस्तूची किंमत ठरत नाही हे आम्ही जाणतो. परंतु तीन वेगळ्या वाटांनी गेलेली माणसे एकाच गावाच्या आसपास पोहोचली, तर गाव तेथेच असले पाहिजे.

व्यापाऱ्याचा आकडा सर्वांत खाली का, यासही कारण आहे. त्याला ती मोटार दुरुस्त करून, महिनोन्महिने दुकानात ठेवून, एखाद्या हौशी गिऱ्हाइकाची वाट पाहावयाची असते. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तु व सेवा कर परिषदेने ठरविल्याप्रमाणे जुन्या मोटारींच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास आपल्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर भरावा लागतो, तोही तो आधीच मनात धरतो. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थास आपली मोटार विकली तर हा कर नाही. म्हणून हौशी माणसाने हौशी माणसास विकल्यास दोन पैसे अधिक येतात. पण तसा माणूस अकोल्यात सापडणे कठीण.

स्पोर्ट्सकारचा भाव साध्या मोटारीपेक्षा अधिक वेगाने कोसळतो, याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. परदेशातून तयार येणाऱ्या महाग मोटारीवर आपल्या सरकारने कित्येक वर्षे शंभर टक्क्यांच्या आसपास जकात घेतली आहे. म्हणजे नव्या किमतीतील मोठा भाग मोटारीचा नसून सरकारचा असतो. त्यावर आपल्या राज्याचा एकरकमी वाहनकर, वीस लाखांवरील पेट्रोलच्या मोटारीस १३ टक्के व बाहेरून तयार आलेल्या मोटारीस २० टक्के असा चालत आला आहे. हा पैसा पहिल्या धन्याने भरला की गेला. दुसरा धनी पत्रा, यंत्र आणि चाके विकत घेतो. पावत्या विकत घेत नाही. शिवाय तिला लागणारे टायर, तिचे सुटे भाग व ते बसविणारा कारागीर मोठ्या शहरातच भेटतो. तिच्या पोटाखालून हात जेमतेम जातो, आणि आमच्या खेड्यांतील गतिरोधक तर मापाने घातलेले नसतात. तीनशेच्या वेगासाठी घडविलेल्या यंत्रास समृद्धी महामार्गावरही १२० च्या पुढे जाण्यास कायद्याने मनाई आहे. आणि एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण ही की तीत माणसे दोनच बसतात. बारा माणसांच्या घरात दोघांची सोय करणारे वाहन म्हणजे दहांची गैरसोयच. आजीबाईंस आत बसविता येते, पण उतरविताना दोघांनी धरावे लागते. ज्या वस्तूस गिऱ्हाईक थोडे, तिचा भाव विकण्याच्या दिवशी गिऱ्हाईकच सांगते.

आता धाकट्याच्या म्हणण्याकडे वळू. तो म्हणतो वस्तू दुर्मिळ आहे, म्हणून ती मोलाची आहे. यातील पहिला भाग खरा आहे. परंतु पहिल्यावरून दुसरा निघतो काय?

बंगळूरच्या सॅन या उद्योगाने विसाव्या शतकाच्या अखेरीस स्टॉर्म नावाची एक छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची मोटार काढली होती. तिचे अंग फायबरग्लासचे आणि आत रेनोचे सुमारे साडेअकराशे सी. सी. चे यंत्र. फारच थोड्या विकल्या गेल्या. म्हणजे दुर्मिळतेत ती कोणासही हार जाणार नाही. आपल्या पुण्यात तयार झालेली डीसी अवंती ही दुसरी. जानेवारी २०१२ च्या दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनात ती मांडली तेव्हा भारताची स्वतःची स्पोर्ट्सकार म्हणून तिचे केवढे कौतुक झाले! किंमत पस्तीस लाखांच्या घरात होती. याही थोड्याच निघाल्या. पुढे या मोटारींपैकी काहींवर अनेक वेळा कर्जे काढल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये गुन्हा नोंदविला. त्यातील सत्यासत्य न्यायालयाचा विषय आहे. या दोन्ही मोटारी दुर्मिळ आहेत, परंतु त्यांच्यासाठी कोट्यवधींची बोली लावणारे कोणी पुढे आलेले ऐकिवात नाही. एखाद्या गावात एकच मनुष्य रशियन भाषा जाणत असला म्हणजे त्याच्या दारी शिष्यांची रांग लागते असे नव्हे. पुरवठा थोडा असणे ही अर्धी गोष्ट झाली, मागणी हवी.

याच्या उलट उदाहरणे आहेत, व ती डोळे दिपविणारी आहेत. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाच्या ३६ मोटारी केल्या. अमेरिकेत तिची नवी किंमत अठरा हजार डॉलरांच्या आसपास होती. त्यांतील एक नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरांना गेली. मर्सिडीझने १९५५ साली केवळ दोनच केलेल्या एका मोटारीपैकी एक मे २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. आमच्या धाकट्या मित्रांच्या डोळ्यांपुढे हीच उदाहरणे असतात. परंतु त्याच ३६ फेरारींपैकी एकीची हकीकत, आम्ही शाळामास्तर असल्यामुळे, आम्हांस फार बोधप्रद वाटते. टेक्सासमधील व्हिक्टोरिया गावच्या एका धनिकाने आपली जीटीओ तेथील हायस्कुलास देऊन टाकली. मुले यंत्रविद्या शिकताना तिच्यावर हात चालवीत, आणि १९७२ साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरांना विकली! म्हणजे दहा वर्षांत तिचाही घसारा झालाच होता, आणि तोही मोठा. आज जी आकाशाला भिडलेली दिसतात ती बहुतेक वाहने मध्यंतरी एकदा मातीमोल झालेली आहेत.

मराठी माणसांच्या परिचयाचे उदाहरण हवे तर इंदूरचे घ्यावे. तेथील यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३५-३६ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे ही त्या काळची अत्यंत बलवान मोटार घेतली व तिचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात बनवून घेतले. लांबलचक मोटार, पण बसण्याची जागा दोघांची. १९३७ साली ती कंपनीच बंद पडली. संस्थानेही पुढे विलीन झाली. आज ती मोटार जगातील नामांकित मोटारींत गणली जाते. परंतु ती होळकरांच्या घरी राहिली नाही, परदेशी गेली. भाव वाढला हे खरे. पण तो वाढेपर्यंत जवळ बाळगणारे घर दुसरेच होते.

या सर्वांवरून आम्ही असे अनुमान काढतो की जुन्या वाहनाचा भाव पुन्हा चढावयास पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, ते थोडे असले पाहिजे. दोन, ज्यांनी ते लहानपणी पाहून त्याचा ध्यास घेतला, अशी माणसे पुढे पैसेवाली झाली पाहिजेत. तीन, त्याचे भाग मिळाले पाहिजेत व जाणता कारागीर जिवंत असला पाहिजे. चार, त्याचे मूळ यंत्र, मूळ अंग आणि धन्यांची अखंड कागदोपत्री परंपरा शाबूत हवी. पाच, मालकीविषयी शंका नको. स्टॉर्मपाशी यांतील पहिली गोष्ट आहे. आमच्या अकोल्याच्या मोटारीपाशी पहिलीसुद्धा पुरती नाही. ती अकोल्यात थोडी आहे, जगात थोडी नाही. कारखान्यात हजारोंनी निघालेली वस्तू आमच्या गावी एकच आली, तर तिला दुर्मिळ न म्हणता गैरसोयीची म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

आणि भाव चढला तरी तो किती चढला हे कशाशी ताडून पाहावयाचे? आमच्याकडे यामाहाच्या आरएक्स १०० या दुचाकीचे वेड अद्याप आहे. १९८५ ते १९९६ पर्यंत ती निघत होती. १९९० च्या सुमारास वीस हजारांच्या आतबाहेर मिळे. आज नीट राखलेली गाडी लाख-सव्वालाखास जाते, आणि मुलांना वाटते की किंमत सहापट झाली. परंतु १९९० साली दहा ग्रॅम सोने सुमारे ३,२०० रुपयांना होते. २०२४ मध्ये ते सत्तर हजारांच्या वर गेले. म्हणजे बावीसपटीच्या आसपास. त्याच वीस हजारांचे सोने घेऊन आईच्या डब्यात ठेवले असते, तर चार लाखांच्या वर झाले असते, आणि त्याला पेट्रोल लागले नसते.

आता समाईक ठेवण्याचा हिशेब. पत्रलेखक लिहितात की विमा, निगा, टायर वगैरे मिळून दरसाल दीड लाख खर्च येतो. आज १४ लाख मिळत असताना ते न घेणे, म्हणजे ते १४ लाख मोटारीत गुंतविणेच होय. सात टक्के व्याजाने दहा वर्षांत १४ लाखांचे साडेसत्तावीस लाख होतात. दरसालचे दीड लाख त्याच व्याजाने पावणेएकवीस लाखांच्या घरात जातात. बेरीज अठ्ठेचाळीस लाख. म्हणजे दहा वर्षांनी, एकोणीस वर्षांची झालेली ती मोटार अठ्ठेचाळीस लाखांना गेली, तर कुटुंबाचे नुकसान झाले नाही एवढेच म्हणता येईल. शिवाय नोंदणीस पंधरा वर्षे झाली की पुनर्नोंदणी आली. १ एप्रिल २०२२ पासून तिची फी साध्या मोटारीस ६०० वरून ५,००० रुपये आणि आयात मोटारीस ४०,००० रुपये झाली. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना निराळी नोंदणी व व्हीए ही अक्षरे असलेला क्रमांक मिळण्याची सोय झाली आहे. पण या मोटारीस तो मान २०६६ साली मिळेल. पुण्यास जाणाऱ्या मुलीस तोपर्यंत थांबावयास सांगणे बरे दिसणार नाही.

धाकट्याचे म्हणणे आम्हांस मान्य नाही हे यावरून स्पष्ट झाले. परंतु थोरल्याचेही मान्य नाही. मोटार घेतली तेव्हा कुटुंब एकत्र होते. खरेदी सर्वांच्या संमतीने झाली. थोरल्यांच्या मुलाच्या मुंजीत तीच मोटार फुलांनी सजविली होती, असे पत्रातच आहे. एकत्र असताना झालेला नफा जसा सर्वांचा, तसा घसाराही सर्वांचा. वाटणीच्या दिवशी जी वस्तू ज्या स्थितीत असेल ती वाटावयाची; कोणी लबाडी किंवा अपहार केला नसेल तर मागील खर्चाचा जाब विचारावयाचा नाही, हे हिंदू कुटुंबाच्या कायद्यातील जुने तत्त्व आहे. ३२ लाख हा आकडा २०२१ बरोबर गेला.

वाहनांच्या वाटणीचा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनाही पडला होता. मनूने वस्त्र, वाहन, अलंकार वगैरे अविभाज्य मानले. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्याचा अर्थ लावताना सांगितले की जो ज्या वाहनावर बसत आला ते त्याचे. परंतु घोडे पुष्कळ असून त्यांच्या विक्रीवरच ज्यांचा निर्वाह असेल त्यांनी ते वाटून घ्यावेत. बृहस्पतीने तर या अविभाज्यतेवरच आक्षेप घेतला. श्रीमंतांची सारी संपत्ती वस्त्रांत व अलंकारांत असू शकते, तेव्हा ती वाटावयाचीच नाही असे म्हणणारांनी नीट विचार केलेला नाही. तिचा विभाग युक्तीने करावा, असा त्याचा आशय आहे. आमच्या मते येथे दोन्ही वचनांचा मेळ बसतो. मोटार बसणाऱ्याकडे राहावी, आणि तिचे मोल युक्तीने सर्वांत वाटले जावे. १९५६ चा वारसा कायदा व त्याची २००५ ची दुरुस्ती यांमुळे बहीणही भावांच्या बरोबरीची भागीदार आहे, हे त्यांत गृहीत आहे.

ती युक्ती अशी. धाकट्याने एक आकडा कागदावर लिहावा. तो वाचल्यावर थोरल्याने व बहिणीने मिळून निवड करावी: एक तर ती मोटार त्या आकड्यास धाकट्याच्या वाट्यात घालावी, किंवा त्याच आकड्यास स्वतःच्या वाट्यात घ्यावी. धाकट्याने ४० लाख लिहिले, तर दोघे म्हणतील, ठीक, चाळीस लाखांची वस्तू तुला लखलाभ होवो. त्याने १० लाख लिहिले, तर ते स्वतः घेऊन नागपूरच्या व्यापाऱ्यास १४ ला देतील. तेव्हा त्याला मनापासून जी किंमत वाटते तीच लिहिणे भाग पडेल. बहुधा तो बाजारापेक्षा लाख-दोन लाख अधिकच लिहील, कारण त्याचा तिच्यावर जीव आहे. ते अधिकचे पैसे त्याच्या हौसेचे असून ते भावाला व बहिणीला मिळावेत यात अन्याय काहीच नाही. बहिणीस तिचा भाग शेतात न देता रोख द्यावा, हे काकांनी स्वतः सुचवावे. तिला तोंड उघडावयास लावू नये.

आकडा ठरल्यावर नोंदणीपुस्तकावरील नाव लगोलग बदलावे. आपसांत वाटले म्हणजे झाले असे समजणे धोक्याचे आहे. ज्याच्या नावाने नोंद आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. कायद्याप्रमाणे देणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची खबर परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. ज्या घरांत जुनी मोटार विकत घेण्याचे बेत चालू असतील त्यांनीही एवढे पाहावे: नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा आहे काय, असल्यास तो उतरविल्याचे पत्र आहे काय, चासी व यंत्र यांचे क्रमांक कागदाशी जुळतात काय, निगा राखल्याच्या पावत्या सलग आहेत काय. या चार प्रश्नांस समाधानकारक उत्तर नसेल, तर ती मोटार कितीही चकचकीत असो, दारातूनच परत पाठवावी.

आम्ही हौसेच्या विरुद्ध आहोत असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. आमच्या जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. पटाच्या बैलावर शेतकरी नांगराच्या जोडीपेक्षा कितीतरी अधिक पैसा घालतो व त्याला घरच्या माणसासारखे जपतो. २०१४ साली न्यायालयाने शर्यती बंद केल्या. त्या पुन्हा सुरू व्हावयास डिसेंबर २०२१ उजाडले. मधल्या सात वर्षांत ज्यांनी विक्रीच्या आशेने बैल पोसले त्यांची निराशा झाली असेल. ज्यांना बैलाचीच आवड होती, त्यांचे काही गेले नाही. मोटारीचेही तसेच आहे. ज्याला तिचा आवाज आवडतो, तिच्या चाकामागे बसून रविवारी पहाटे बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत जाऊन येण्यात ज्याला आनंद आहे, त्याने ती आपल्या कमाईतून खुशाल घ्यावी व घरच्या जमाखर्चात तिची रक्कम हौस या सदराखाली लिहावी. गुंतवणूक या सदराखाली लिहू नये. कारण त्या सदरात लिहिलेली रक्कम पुढे वाटणीच्या वेळी भावंडे परत मागतात.

अकोल्याच्या काकांस आमची एवढीच विनंती आहे की हा कागद पुढील भाऊबीजेच्या आधी लिहून घ्यावा, आणि लिहिताना तिघांनाही समोर बसवावे.